पारा खाली आला तेव्हा

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सहा पानांचा एक लेख छापून आला. लेखक रुस्तम जाल वकील. पत्ता मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल हॉस्पिटलचा, म्हणजे परळच्या केईएमचा. रक्तदाब वाढलेल्या पन्नास रुग्णांना वकिलांनी सर्पगंधेची मुळी दिली होती आणि कुणाचा दाब किती उतरला ते नीट मांडून ठेवलं होतं. बहुतेकांचा उतरला होता. उदासी कशाने येते, याबद्दल त्या लेखात कसलाही सिद्धान्त नव्हता. तरीही उदासी हा मेंदूतल्या रसायनांचा आजार असू शकतो, तो रक्तात, लघवीत, पाठीतल्या पाण्यात मोजता येईल, ही कल्पना पुढे ज्या वाटेने जगभर गेली, ती वाट परळवरून गेली होती.

ही हकिगत मला महत्त्वाची वाटते ती केवळ मुंबईच्या अभिमानापोटी नाही. म्हाताऱ्या माणसांच्या उदासीची खूण शरीरात कुठे सापडते का, हा प्रश्न आज पुन्हा मोठ्या हिरिरीने विचारला जातो आहे. तो प्रश्न जन्मला तेव्हाही तिथे प्रौढ आणि म्हातारी माणसंच होती. फक्त ती उदासीसाठी आलेली नव्हती. ती बीपी दाखवायला आली होती.

त्या काळी रक्तदाब वाढणं म्हणजे काय होतं, हे आजच्या वाचकाला सांगावं लागेल. १२ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. त्या दुपारी त्यांचा दाब ३०० च्या वर मोजला गेला होता. जगातल्या सगळ्यांत बलाढ्य देशाच्या प्रमुखाची ही गत, तर इतरांचं काय? डॉक्टरांच्या हाती ब्रोमाइड, फिनोबार्बिटोनसारखी गुंगी आणणारी औषधं होती. वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर रुग्णांना महिनोन्‌महिने नुसत्या भातावर आणि फळांवर ठेवत. काही सर्जन पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंची साखळीच कापून टाकत. पुष्कळ डॉक्टरांचं मत तर असं, की वयाबरोबर दाब वाढायचाच, तो उतरवण्याच्या फंदात पडू नये.

सर्पगंधा मात्र आपल्याकडे कधीची होती. वैद्य ती वापरत. बिहारकडे तिला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत, आणि रडत्या पोराला झोपवण्यासाठीही ती दिली जाई. १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीवर लेख लिहिला तो वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोन्हींवरचं औषध म्हणून. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमाँ सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून काही अल्कलॉइड वेगळे काढले आणि एकाला हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलीन’ असं नाव दिलं. देहरादूनच्या हिमालय कंपनीची ‘सर्पिना’ ही गोळी १९३४ पासून विकली जात होती. मन आणि रक्तदाब, दोन्ही धागे एकाच मुळीत गुंतलेले आहेत हे इथल्या वैद्यांना ठाऊक होतं. परदेशातल्या डॉक्टरांपर्यंत मात्र ते पोचलेलं नव्हतं.

वकिलांचं काम इथे येतं. १९११ साली जन्मलेले हे पारशी डॉक्टर लंडनची एम.डी. घेऊन मुंबईत परतले आणि हृदयरोगाकडे वळले. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना त्यांचं नाव दुसऱ्या कारणानेही माहीत असतं. अस्पी गोलवाला यांच्याबरोबर त्यांनी रुग्ण तपासण्याच्या पद्धतीवर लिहिलेलं पुस्तक पिढ्यान्‌पिढ्या घोकलं गेलं. हात लावून, कान लावून, रुग्णाला बोलतं करून आजार ओळखायचा, ही त्या पुस्तकाची शिकवण. सर्पगंधेच्या बाबतीत त्यांनी नवं झाड शोधलं नाही की नवं रसायन काढलं नाही. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, स्टेथोस्कोप लावून पाऱ्याकडे पाहिलं आणि आकडा लिहिला. मग पुन्हा, आणि पुन्हा. ऐकीव गुण आणि लिहून ठेवलेला गुण यांत जमीन-अस्मानाचं अंतर असतं, आणि ते अंतर वकिलांनी सहा पानांत तोडलं.

लेख बॉस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात आला. त्यांनी मुळी मागवली, आपल्या रुग्णांना दिली आणि १९५२ मध्ये निष्कर्ष मांडले. दाब तर उतरतोच, शिवाय माणसं शांत होतात, हे त्यांनी टिपलं. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथे सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतलं मुख्य सत्त्व वेगळं केलं. त्याचं नाव रिसर्पीन. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलँड इस्पितळातले नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिलं. १९५७ साली वैद्यकातलं मानाचं लास्कर पारितोषिक वकिलांना मिळालं, आणि त्याच यादीत क्लाइनही होते. पुढच्या वर्षी भारत सरकारने वकिलांना पद्मभूषण दिलं.

तोवर एक वेगळीच तक्रार कानावर येऊ लागली होती.

१९५४ मध्ये वॉशिंग्टनच्या एडवर्ड फ्राइस यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये एक छोटं टिपण लिहिलं. रिसर्पीनचे मोठे डोस बराच काळ घेणाऱ्या रक्तदाबाच्या काही रुग्णांना खोल उदासीने ग्रासलं होतं. पुढच्या वर्षी इतर डॉक्टरांनीही तेच कळवलं. मला या टिपणांत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की तिथे कुठलीही तपासणी नव्हती. रुग्ण किंवा त्याच्या घरच्यांनी काहीतरी सांगितलं आणि डॉक्टरांनी ते ऐकलं, इतकंच. पाऱ्यात सगळं ठीक होतं. आकडा उतरलेला होता, आणि माणूसही त्याच्याबरोबर उतरला होता.

हे ऐकणं सोपं नसतं. आपल्याकडे तर नाहीच. ‘नैराश्य’ हा शब्द आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी कधी नव्हता. लालबाग-परळच्या चाळींत कुणी म्हणे ‘जीव रमत नाही’, कुणी ‘कशावर मनच नाही’, कुणी ‘हातपाय गळाल्यासारखे वाटतात’. छातीत धडधड, डोक्यात मुंग्या, पोटात गोळा, तोंडाला चव नाही. सगळी तक्रार शरीराच्या भाषेत. आणि घरचे काय म्हणत? ‘वय झालं आता.’

आमच्या आजोबांचंच सांगते. गिरणीत साचे चालवण्यात त्यांचा जन्म गेला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार घरी बसले, त्यांत तेही. त्यांना बीपी आधीपासून होतं. संपाच्या दुसऱ्या वर्षात ते गॅलरीत लोखंडी खुर्चीवर बसत ते बसतच. खालून कुणी हाक मारली तरी मान वळत नसे. आजी म्हणायची, “गिरणी बंद पडली तसे हेही बंद पडले.” तिचं निदान बरोबर असेल, अपुरं असेल, मला आजही नक्की सांगता येत नाही. पण तिने ते पाहिलं होतं. दर महिन्याला दाब मोजणाऱ्या फॅमिली डॉक्टरांनी मात्र तिला त्याबद्दल कधी विचारलं नाही.

पुन्हा १९५५ कडे. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या सरकारी प्रयोगशाळेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्याकडे बाझेलहून आलेले आल्फ्रेड प्लेचर काम करत होते. रॉबर्ट बाउमन यांनी बनवलेलं नवं यंत्र हाताशी होतं. ठरावीक प्रकाशात रसायन किती चमकतं यावरून त्याचा सूक्ष्म अंश मोजणारं. त्यांना दिसलं, की रिसर्पीन दिल्यावर प्राण्यांच्या शरीरातला सिरोटोनिनचा साठा रिता होतो. लवकरच नॉरअ‍ॅड्रिनलीन आणि डोपामीन यांचंही तेच होतं असं आढळलं.

हे कसं घडतं ते चाळीत वाढलेल्याला चटकन कळेल. पहाटे तास-दीड तास पाणी येतं, तेवढ्यात पिंप भरून ठेवायचं आणि दिवसभर तांब्याने काढून वापरायचं. मज्जातंतूच्या टोकाशी अशीच इवलीशी पिंपं असतात. त्यांत ही रसायनं भरणारा एक पंप असतो. रिसर्पीन तो पंपच निकामी करतं. पिंपाबाहेर राहिलेलं रसायन पेशीतलं एक विकर फोडून टाकतं. रक्तवाहिन्या आवळून धरायला नॉरअ‍ॅड्रिनलीन उरत नाही, म्हणून दाब उतरतो. पण तीच पिंपं मेंदूतही आहेत. गोळी थांबवली तरी नवी पिंपं, नवे पंप तयार व्हायला दिवसच्या दिवस लागतात.

१९५७ मध्ये स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रिसर्पीन देऊन निपचित पाडलेल्या सशांना एल-डोपा टोचलं. मान टाकून बसलेले ससे पंधरा-वीस मिनिटांत कान टवकारून उठले. या वाटेवरच्या कामासाठी २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. योगायोग असा, की याच सुमाराला क्षयाचं एक औषध नेमकं उलट वागताना दिसत होतं. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरच्या सी व्ह्यू इस्पितळात १९५२ मध्ये इप्रोनियाझिड घेणारे क्षयरोगी खुलले, बोलू लागले, जेवू लागले. ते औषध रसायनं फोडणाऱ्या विकराला अडवत होतं. एक गोळी साठा रिकामा करते आणि माणूस खचतो, दुसरी साठा राखते आणि माणूस उठतो. मग उदासी म्हणजे साठ्याची तूट, असं मनात आल्यावाचून कसं राहील? १९६५ मध्ये जोसेफ शिल्डक्राउट यांनी नॉरअ‍ॅड्रिनलीनच्या तुटीचं गृहीतक मांडलं, दोन वर्षांनी ॲलेक कॉपेन यांनी सिरोटोनिनची बाजू मांडली.

कथा इतकी गोळीबंद झाली, की तिच्यात न बसणारं बाजूला पडलं. १९५५ सालीच लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड यांनी चिंतेने आणि उदासीने ग्रासलेल्या रुग्णांना रिसर्पीन आणि खोटी गोळी वाटून तुलना केली होती, आणि रिसर्पीन घेणारे जास्त सुधारले होते! ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला तो प्रयोग कित्येक वर्षं कुणी फारसा उद्धृत केला नाही. १९७१ मध्ये गुडविन आणि बनी यांनी जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या. त्यांना दिसलं, की रिसर्पीनने बरेच जण सुस्तावले होते, खरीखुरी उदासी थोड्यांनाच आली होती, आणि त्यांतल्या अनेकांना ती पूर्वीही येऊन गेली होती. ज्या भिंतीला आधीच चीर होती तिथेच पाणी झिरपलं. हा तपशील मला सगळ्या सिद्धान्तापेक्षा जास्त शिकवणारा वाटतो.

पण तोवर खुणांचा शोध जोरात सुरू झाला होता. लघवीत नॉरअ‍ॅड्रिनलीनचे अवशेष मोजले जात. स्टॉकहोममध्ये मारी ओस्बर्ग यांनी १९७६ मध्ये पाठीतल्या पाण्यातलं सिरोटोनिनचं उरलंसुरलं मोजून उदास रुग्णांचे दोन गट पडतात का, ते पाहिलं. सर्वांत मोठी आशा होती डेक्सामेथासोनच्या चाचणीची. रात्री एक मिलिग्रॅमची गोळी घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी रक्तातलं कॉर्टिसॉल दबलं की नाही ते बघायचं. दबलं नाही तर गंभीर नैराश्य. १९८१ मध्ये बर्नार्ड कॅरोल यांनी तिचे निष्कर्ष मांडले तेव्हा मानसोपचाराला आपली साखरेची तपासणी मिळाली असं पुष्कळांना वाटलं.

ती आशा विशेषतः म्हातारपणापाशी येऊन अडखळली. स्मृतिभ्रंशातही अनेकदा कॉर्टिसॉल दबत नाही. वजन उतरलं, दुसरं आजारपण आलं, काही औषधं चालू असली तरी दबत नाही. साठी ओलांडलेल्या माणसाच्या रक्तातल्या एकेका आकड्यामागे तीन-तीन कारणं उभी असतात. थायरॉइड मंदावला तरी माणूस उदास दिसतो, बी-१२ कमी पडलं तरी दिसतो. म्हणून डॉक्टर या तपासण्या आजही करतात आणि कराव्यातच. पण त्या दुसरं काही दडलेलं नाही ना हे पाहण्यासाठी असतात, त्यांतून उदासीचा शिक्का मिळत नाही.

प्रयोगशाळा अशा धडपडत असताना १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्टॅनफर्डच्या जेरोम येसावेज आणि सहकाऱ्यांनी वृद्धांसाठी तीस साध्या प्रश्नांची यादी बनवली. उत्तर हो किंवा नाही. झोप, भूक, दुखणीखुपणी हे शरीराचे प्रश्न तिच्यातून मुद्दाम वगळले, कारण म्हातारपणी ती सगळ्यांनाच असतात. ती यादी जगभर टिकली. तरी मला राहून राहून वाटतं, की आमच्या चाळीतल्या म्हातारीला फक्त मनाचं विचारलं तर ती ‘काही नाही, बरं चाललंय’ म्हणेल, आणि पोटातल्या गोळ्याबद्दल विचारलं की तासभर बोलेल. तिचं मन त्या गोळ्यातच असतं.

मुंबईत या विषयाची दुसरी फळी केईएममध्येच उभी राहत होती. जे. जे. रुग्णालयात के. आर. मसानी यांनी १९३८ मध्ये मानसोपचाराची ओपीडी सुरू केली होती. केईएमच्या विभागात एन. एस. वाहिया आणि डी. आर. दुनगाजी यांनी पातंजल योगाच्या आधारे एक उपचारपद्धती बसवली आणि १९७३ मध्ये ती अमेरिकेतल्या नियतकालिकात मांडली. पुण्याच्या बी. जे. मेडिकलमधून आलेले दिलीप जेस्ते तिथे त्यांच्या हाताखाली शिकत होते. १९७४ मध्ये ते अमेरिकेला गेले, वृद्धांच्या मानसोपचारात त्यांनी आयुष्य घातलं आणि २०१२ मध्ये अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. इकडे गोरेगावला सिबाच्या संशोधन केंद्रात कुप्पुस्वामी नागराजन यांच्या गटाने नैराश्यावरचं एक औषध घडवलं, ते १९८२ च्या सुमाराला ‘सिंटामिल’ नावाने बाजारात आलं. ज्या कंपनीने सर्पगंधेचं सत्त्व काढलं, तिच्याच मुंबईतल्या केंद्रात उदासीवरचं औषध बनावं!

वकील १९७४ मध्ये गेले. त्यांची मुळी मात्र काम करत राहिली. ज्या फ्राइस यांनी तिचा दोष दाखवला, त्यांनीच १९६७ मध्ये दाखवून दिलं, की वाढलेला दाब उतरवला तर माणसं वाचतात. त्यांच्या त्रिकूट औषधांत रिसर्पीन होतं. १४३ जणांपैकी खोटी गोळी घेणाऱ्या ७० जणांत २७ गंभीर घटना घडल्या, खरं औषध घेणाऱ्या ७३ जणांत दोनच. १९९१ मध्ये साठीपुढच्या ४,७३६ माणसांवरच्या मोठ्या चाचणीत पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. तिथेही काहींना अगदी लहान मात्रेत रिसर्पीन दिलं होतं, आणि सगळ्यांची उदासीची प्रश्नावली वेळोवेळी भरून घेतली जात होती. फ्राइस यांच्या रुग्णांनी जे बोलून दाखवलं होतं, त्याचा आता छापील रकाना झाला होता.

मग १९९७ मध्ये मन आणि रक्तदाब हे दोन धागे पुन्हा एकत्र आले. जॉर्ज अलेक्सोपूलोस यांनी म्हातारपणी पहिल्यांदाच येणाऱ्या एका उदासीचं वर्णन केलं. ती मुख्यतः मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या झिजेतून येत असावी, असं त्यांनी सुचवलं. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने त्या वाहिन्या झिजतात, मेंदूच्या खोल भागात एमआरआयवर पांढरे ठिपके दिसतात. अशी माणसं रडत नाहीत, अपराधी वाटतं असंही म्हणत नाहीत. ती मंदावतात. कशात रस घेत नाहीत, ठरवलेलं तडीला नेऊ शकत नाहीत, औषधालाही सहसा लवकर दाद देत नाहीत. ठिपके असूनही हसतमुख असणारे म्हातारे पुष्कळ आहेत, त्यामुळे ही खूणही एकट्याने पुरी पडत नाही. पण इतकं नक्की दिसलं, की मन आणि रक्तवाहिनी यांचं जे नातं सर्पगंधेच्या मुळीने आडवाटेने दाखवलं होतं, ते उतारवयात थेट शरीरातच असतं.

हे वर्णन वाचलं तेव्हा मला लोखंडी खुर्ची दिसली. आजोबांच्या मेंदूचा फोटो कधी निघाला नाही. आमच्या वस्तीत तेव्हा तसलं काही नव्हतंच. आजी गेल्यावर तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत बिस्किटांचा एक डबा सापडला. त्यात रबराने बांधलेल्या आजोबांच्या बीपीच्या चिठ्ठ्या होत्या, महिन्याला एक. १७०/१०४. १६०/९८. १६४/१००. डॉक्टरांच्या अक्षरात तारीख, आकडा आणि गोळीचं नाव, दुसरं काही नाही. आजी चौथी शिकलेली. एका चिठ्ठीच्या मागे पेन्सिलने तिने लिहून ठेवलं होतं: रात्री तीनला उठून बसतात. जेवण निम्म्यावर आलं. चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. डॉक्टरांना विचारणे.